भुलाबाईची पांढरी फुलं

प्रिय छाया,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "ताई, संस्कृती माह्याशी बोलून काहून नाही राह्यली?" आणि मी बेधडक सांगून टाकलं, खेळण्यात दंग आहे म्हणून. खेळतबिळत काही नव्हती. माझ्या शेजारीच उभी होती, फ्रॉकच्या घेरात तोंड खुपसून. शिंक दाबत होती. गेले आठ दिवस ती आमच्यासमोर शिंकत नाही. शिंक आली की तुझी पाच वर्षांची पोर उठून न्हाणीत पळते. हे माझ्यामुळे झालं, छाया. फोन तुम्हाला आठवड्यातून एकदाच देतात, आणि तेवढा वेळ ती मला चिकटून असते, म्हणून लिहायला बसले. पोलिसांचं ट्रेनिंग घेते आहेस, तेव्हा हा कबुलीजबाबच समज.

जूनमध्ये तू तिला माझ्याकडे ठेवून नागपूरला गेलीस तेव्हा पोर ठणठणीत होती. गणपती उठले आणि सुरू झालं. सकाळी अंथरुणातच ओळीनं सात-आठ शिंका, नाकातून नुसतं पाणी, डोळे चोळून चोळून लाल. तळहातानं नाक खालून वर घासायची, इतकं की नाकावर आडवी रेघ उमटली. मी ठरवून टाकलं, सर्दी! दही बंद, केळी बंद, छातीला तेल, वरून ओव्याची धुरी. धुरीनं ती आणखी गुदमरायची आणि मी म्हणायची, निघू दे कफ. एवढ्या दिवसांत अंगाला ताप नाही, नाक घट्ट पिवळं वाहत नाही, मग ही कसली सर्दी, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. अख्ख्या गल्लीला औषधं सांगणारी मी! अंगणवाडीच्या बाईंनीही सांगितलं, बाकीच्या लेकरांना लागेल, घरीच ठेवा. ठेवली.

त्यात भुलाबाई बसल्या. आपल्याकडे महिनाभर रोज संध्याकाळी पोरी गाणी म्हणायला येतात, आणि आपली आरास सगळ्या अनसिंग गावात उठून दिसली पाहिजे हा माझा जुना हट्ट, तुला माहीतच आहे. झेंडू अजून फुलला नव्हता. मग बांधावरचं गाजरगवत आणलं, भारे भारे. त्याची बारीक पांढरी फुलं किती नाजूक दिसतात, बायका विचारायच्या, वर्षाताई, हे काय लावलं वो? तीच फुलं मूर्तीभोवती खोवली, तांब्यात भरली, आणि रोज संस्कृतीच्या वेणीतही माळली. तोडायला तिलाच सोबत न्यायची. गाण्यात ती शिंकली की पोरी हसायच्या, शेंबडी म्हणायच्या. मी पोरींना रागावले नाही. हिलाच उठवून दाराशी बसवलं.

कोजागरीच्या आदल्या दिवशी तिचे डोळे इतके सुजले की उघडेनात. तुझे भाऊजी, शालिग्राम, कधी आवाज न चढवणारा माणूस, म्हणाले, "आता तुही डॉक्टरकी बंद कर." गाडीवर बसवून वाशिमला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी वेणीकडे पाहिलं आणि विचारलं, हे कोणी माळलं? मग बाकीचं विचारलं. ताप येतो का, खाज सुटते का, मागच्या वर्षीही याच दिवसांत असं झालं होतं का. ही परागकणांची अॅलर्जी आहे, म्हणाल्या, कोणाला लागत नाही, कोणाला दूर बसवायचं कारण नाही. नाक कसं चोळतेस ते दाखव, असं त्या तिला म्हणाल्या, तेव्हा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. चोळू का, असं. मला तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आता आरास उकिरड्यावर गेली आहे. धुरी बंद, दही परत सुरू. डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला फवारा रोज मारते, बरं वाटलं तरी चुकवत नाही, त्यांनी तसंच बजावलंय. बाहेरून आली की तोंड धुऊन, डोकं पुसून कपडे बदलते. तिचे कपडे मी आता कुंपणावर वाळत घालत नाही, घरात दोरी बांधली आहे. सकाळी खिडकी लावून घेते. श्वासाला शिटीसारखा आवाज आला किंवा छाती ओढली तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात यायचं, हे भाऊजींकडूनही पाठ करून घेतलंय. दिवाळीत नेशील तेव्हा तूही हे सगळं लक्षात ठेव. रात्री नीट झोपते आता, शिंका पुष्कळ कमी आहेत.

पण ज्या येतात त्या ती दाबते. का, ते लिहिण्यासाठीच एवढं पान भरलं. वाशिमला जायच्या आधीच्या संध्याकाळी, बायकांनी घर भरलेलं असताना, ती खिरापतीच्या डब्यावर शिंकली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि तोंडून निघून गेलं, "अशी शेंबडी हायेस म्हणूनच तुही माय तुले इथं टाकून गेली." ती रडली नाही. परवा भाऊजींना हळूच विचारत होती, "काका, मी शिंकलीच नाही त आई येईन का?" मी तिला जवळ घेऊन सांगितलं, मी खोटं बोलले गं. ती नुसती मान हलवते. माझ्या तोंडचं आता तिला खरं वाटत नाही. रविवारी फोन हातात आला की परेडचं काही सांगत बसू नकोस, मला शिव्याही नंतर दे. ती बोलणार नाही, फोनवर शिंक येईल म्हणून तोंड दाबून उभी असेल. तू फक्त एवढं म्हण, "मोकळेपणानं शिंक बेटा, मी ऐकून राह्यली."

तुझी अपराधी, तरी तुझीच,
वर्षाताई