मनगटाला लावायची दोरी

प्रिय थोरल्या,

तू होडी परत लावून गेलास त्याला आज चार दिवस झाले. पहिल्याच दिवशी लिहायला बसले असते तर कागद फाटला असता. आज नुसतं अक्षर वाकडं येतंय, तेवढं चालवून घे.

भर भरतीला होडी धक्क्याला आखूड दोराने बांधलीस आणि मोकळा झालास. ओहोटीला पाणी उतरतं, होडी उतरते, दोर काही वाढत नाही, हे तुला मी सांगायचं? तू घरी पोचायच्या आत ती एका अंगाने धक्क्याला लोंबकळत होती. शेजारच्या होडीवाल्याने वरून मला विचारलं, वहिनी, होडी वाळत घातलीय का? मलाही हसावं लागलं. मग दोघांनी मिळून दोर सैल केला.

होडीचं मशीन खाऱ्या पाण्यातून काढलंस ते तसंच झाकलंस. गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवायचं असतं, नाहीतर आत मीठ धरतं. होडीच्या तळाचं बूच काढून कुठे ठेवलंस ते देव जाणे. मी नवीन आणून बसवलं. चौथी शिकलेली बाई मी. मशीनबरोबर आलेली पुस्तिका तुझे बाबा गेल्यावर उघडली आणि अडखळत अडखळत तीनदा वाचली. तू एवढा इंजिनियर, तुला पहिलं पान उलटायला फुरसत नाही. वर फोनवर म्हणतोस, आई, एक दिवस तर नेली, एवढं काय त्यात.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. मीठ धुता येतं, बूच मिळतं. पण मशीनच्या स्विचची ती लाल दोरी? तिचं एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि मशीन बंद पडतं. तू ती हाताला अडते म्हणून मशीनच्या दांड्याला गुंडाळून वर गाठ मारलीस. समोर तुझी पाच वर्षांची छकुली बसलेली. ती गाठ सोडवायला मी शेजाऱ्याला हातही लावू दिला नाही.

कारण तशीच गाठ मी आधी एकदा सोडवलीय. तुझे बाबा छातीत कळ येऊन गेले नाहीत. तू दुसऱ्या दिवशी पोचलास, तुला मी तसं सांगितलं. आपलं मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि मी त्यांना शोधत गेलो तेव्हा होडी रिकामीच गोल गोल फिरत होती, मशीन चालू. ते तासाभराने सापडले. पोहायला पट्टीचे होते रे, पण चालत्या होडीला पोहून कोण गाठणार? चाळीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस हातभर दोरीच्या आळसाने गेला, असं कोणी म्हणू नये म्हणून मेकॅनिकला मी गप्प राहायला लावलं. तीन वर्षं त्यांचं नाव सांभाळलं आणि तुला तसंच अडाणी ठेवलं. हा राग कोणावर काढू? त्यांच्यावर काढता येत नाही, स्वतःवर काढून झाला, उरलास तू. रविवारी छकुलीला घेऊन पुन्हा येणार म्हणतोस, तर हे पत्र वाचून ये, आणि तिलाही सांग आजोबा कशाने गेले ते. लोक त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत. मला तुम्ही दोघं परत धक्क्याला लागलेली हवी आहात.

तुझीच, राग अजून न उतरलेली,
आई