बुंध्याशी पाला

कारंजा (घाडगे)
१८ जानेवारी २०२५

चि. आचलले आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मले ऐकू येत नाई, म्हणून हे पत्र. तुह्या बिनजहरी बगीच्यानं नाव काढलं, बाई. संत्रा असा फुलला का पान दिसत नाई. पानं पिवळी होऊन गळली, पण फुलाले जागा नोको का? शेजारची सुलोचनाबाई दोनदा येऊन पाहून गेली. तिच्या सुनेले पोरगी झाली, तुह्यासारखीच नकटी. तुह्या बापानं एकच वर्ष देल्लं होतं, नाई फळलं तं बगीचा कापून सोयाबीन पेरतो म्हणे. आता कापून दाखव म्हणा. तू पावसाळ्यात लिहिलं तसा पाला टाकला. मी तं बुंध्याले गुडघ्याएवढा दाबला, लेकरू दुपट्यात गुंडाळावं तसा. एकशेदहा झाडं केली. नाल्याकाठची चाळीस राह्यली, कंबर धरली.

जेवत जाजो. माया राहू दे.
तुही आजी अनुसया

वर्धा
२३ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न.

आजी, ती बहार खुशीची नाही. मरायला टेकलेलं संत्र्याचं झाड असंच फुलतं. पाला खोडापासून हातभर लांब ठेवायचा, हे मी लिहायलाच विसरले. चूक माझी आहे, बाबांना तसंच सांग. आजच बुंधे मोकळे कर. डिंक गळत असेल तर कुजकी साल खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप लाव. साल चहूकडून कुजली असेल, तर काही लावू नको, ते झाड वाचत नाही.

रागावलीस तरी माया ठेव.
तुझी आचल

कारंजा (घाडगे)
२ फेब्रुवारी

चि. आचलले आशीर्वाद.

तुह्या बापानं, गोपालनं पाला ओढला. उकडल्या आलूवानी साल हातात आली, आंबूस वास. एकशेदहातली ब्याण्णव गेली. बाकीच्याईले लेप लावला. नाल्याकाठची चांगली हायेत, ती एक बहार ठेवतो म्हणे, मग पाहू. मी त्याले सांगतलं का पोरीनं बरोबर लिहिलं होतं, तिसरी शिकलेल्या बुढीले वाचता आलं नाई. तू तोंड उघडू नोको. मायवर तो किती दिवस रुसन? तुले तं कॉलेजातून घरी आणून बसवन.

कापाची मशीन काल येत होती. मी आठ दिवस थांबवली. त्या ब्याण्णव झाडाईवर मधमाश्या अशा लागल्या का आवाज मलेही येते. गोपाल म्हणे, आता काय फायदा? मी म्हटलं, जेवत्याले उठवाचं नाई.

येऊ नोको. आजीले इसरू नोको.
अनुसया