डोहाला फरशी

१२ एप्रिल
निश्चय. सोसायटीमागचा ओढा वाचवायचा. कर्वेनगरात एवढी शिकलेली माणसं, पण हात घालणारा मी एकटा. सहावीत शाळा सुटली, पुढं चाळीस वर्षं फरशी बसवली. अर्धं पुणं माझ्या कामावरून चालतं. ओढा म्हणजे तरी काय? उतार आणि पाणी.

१५ एप्रिल
ओढा आटलाय. उंबराखालच्या डोहात तेवढं गुडघाभर पाणी. आमच्याच बिल्डिंगमधल्या हेमाताई, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, अकरा वर्षं हा डोह सांभाळतायत. म्हणाल्या, ओढ्यातलं जे काही जिवंत आहे ते पावसापर्यंत इथंच तगतं. मासे, खेकडे, सगळं. वहीत नोंदी आहेत. आता पंधरा दिवस मुलीकडे नगरला चालल्यात. जाताना म्हणाल्या, "श्रीधरराव, फक्त प्लास्टिक काढा. बाकी कशाला हात लावू नका."
भिडस्त बाई. मोठं काम सांगायला संकोचल्या.

१९ एप्रिल
प्लास्टिक काढलं. खाली नुसता चिखल, म्हणजे मूळ दोष तळातच. मोटर लावून डोह उपसला. मासे-खेकडे पिंपात. तळाला शहाबादी, कडेनं गुळगुळीत प्लास्टर. हेमाताईंना सरप्राइज.
तळमजल्यावरचे तात्याराव, रिटायर्ड हेडक्लार्क, कठड्यावरून बघत होते. म्हणाले, आता माशांना चपला बाहेर काढायला सांगा. कौतुकाची त्यांची ही पद्धत.

२२ एप्रिल
थापीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवली. पोकळी असली की मला लगेच ऐकू येते. मधली एक बदबद वाजली. उचलली, तर खालून पाणी. पुन्हा बसवली, पुन्हा पाणी. थंडगार, अगदी स्वच्छ.
लीकेजशी माझं जुनं वैर.

२३ एप्रिल
केमिकल घालून पक्कं बंद केलं. आता ठणठणीत वाजते.

२५ एप्रिल
टँकरनं डोह भरला. मासे सोडले. पाणी निळंशार, तळाच्या फरश्या मोजता येतात.

२६ एप्रिल, सकाळ
काही मासे उताणे. नवी जागा, रुळायला वेळ लागणारच.
संध्याकाळ
सगळेच. खेकडे कडेनं चढायला बघतात आणि घसरतात.
तात्यारावांनी विचारलं, नव्या टाकीतलं पहिलं पाणी ओतून द्या, असं गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगायचात ना?
सांगायचो. पण ते माणसांसाठी.

३० एप्रिल
हेमाताई आल्या. काठावरून वाकून तळ बघितला. मग म्हणाल्या, "झरा कुठाय?"
म्हटलं, "झरा नव्हता हो. लीकेज होतं. काढलं."
तिथंच बसल्या. वही उघडली, तारीख घातली. पुढं काही लिहिलं नाही. चहा विचारला, तर नको म्हणाल्या.

३ मे
स्वतः घण घेतला. फरशी फोडली, खाली दीड फूट गेलो. कोरडं. पाणी दुसरीकडे वळलं असणार. माझं काम पक्कं असतं, हाच माझा दोष.

११ मे
झरा सापडला! आमच्याच बेसमेंटमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात. हेमाताई खाली आल्या, ओंजळीत पाणी घेतलं. पाइपनं डोहात नेऊ म्हणाल्या. झरा जिवंत राहिला, तर खालून कुठून तरी मासे पुन्हा येतील. मी शब्द दिला. पावसापर्यंत महिनाभराचा प्रश्न. उद्याच पाइप आणतो.

१३ मे
पाइपला मीटिंगची मंजुरी लागते.

१४ मे
मीटिंग. लिफ्टवाल्याचं म्हणणं, खड्डा कोरडा हवा, मोटर-पाइप चालणार नाही. पाण्यामुळं लिफ्ट बंद, सातव्या मजल्यावरच्या पूर्वाताईंना डायलिसिसला खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवावं लागतं. सेक्रेटरी सलिल म्हणाला, हे पाणी बंद कोण करेल? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी ठाम नकार द्यायला उभा राहिलो. टाळ्या पडल्या.

१७ मे
खड्ड्यातलं पाणी बंद केलं. एका दमात बसलं. आज लिफ्ट सुरू झाली, सलिलनं हार घातला.
हेमाताई बाजारातून आल्या. दोन्ही हातांत पिशव्या. मी लिफ्टचं दार धरून उभा होतो.
त्या चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानं गेल्या.