मंगळीची धार आणि माझं कोपर

३ ऑक्टोबर २००७
ह्या वहीत मी म्हशींच्या तारखा लिहिते. कधी व्याली, कधी रेड्याकडे नेली, कुठली आटली. आज स्वतःचं लिहितेय.
सकाळी मंगळीची धार काढली, बादली उचलली आणि हातातून सुटली. मी सोडली नाही. बोटांनी धरलीच नाही. निम्मं दूध शेणात गेलं.
हे धावत आले. "काय झालं?"
तोंडातून निघून गेलं, "मंगळीनं लाथ मारली."
ती बिचारी उभीच्या उभी. रवंथ करत.
आमचा नीलेश कंपनीची रात्रपाळीची माणसं गाडीनं सोडून नुकताच आला होता. तो म्हणाला, "आता तरी इका ती. कुणाला तरी लागंल एखाद्या दिवशी."
उजव्या कोपराला बाहेरच्या बाजूनं दुखतं. दोन महिने झाले. कुणाला सांगितलेलं नाही.

५ ऑक्टो.
चहाचं पातेलं डाव्या हातानं उतरवलं. लुगडं पिळता येत नाही, तसंच निथळत दोरीवर टाकलं. स्वातीनं बघितलं. सून आहे, पण विचारत नाही पटकन. नुसतं बघते.
दुखणं मी मनाशी आण्यांत मोजते. आज धारेच्या वेळी बारा आणे. बसून राहिलं की चार.

८ ऑक्टो.
वरच्या खोलीतली भाडेकरू वैदेही, नागपूरची, हिंजवडी फेज दोनला कॉम्प्युटरवर काम करते. जिन्यात भेटली. मी दळणाचा डबा डाव्या काखेत धरलेला.
"काकू, तुमचा हात दुखून राहिला का?"
नाही म्हणणार होते. पण तिच्या स्वतःच्या कोपराखाली काळा पट्टा. तिनं मला मूठ वळायला लावली, वरून दाबलं, मनगट वर उचला म्हणाली. जीव गेला.
"टेनिस एल्बो वाटतो, काकू. मला माऊसनं झाला."
म्हटलं, मी आयुष्यात रॅकेट हातात धरली नाही. ती म्हणाली, नाव आहे फक्त, मुठीनं काम करणाऱ्या कुणालाही होतो.
मुठीनं. तीन म्हशी, दोन वेळा, पंचवीस वर्षं.
तिला सांगितलं, खाली बोलू नको. खाली कळलं की गोठा गेला. मागच्या वर्षापासून नीलेशच्या डोक्यात आहे, गोठ्याच्या जागी चार खोल्या. आमच्या माण गावात आता सगळ्यांच्याच भाड्याच्या खोल्या आहेत. शेजारी तर तीन मजले. ह्यांनी अजून हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१० ऑक्टो.
नणंद मागे जायची त्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे, जवळच्या चांदे गावाला गेले. घरी सांगितलं, देवळात जाते. त्यानं तेल लावून अंगठ्यानं असं रगडलं की डोळ्यापुढे काजवे. "शीर चढली हाय. उतरंल."
उतरली नाही. सोळा आणे.

१३ ऑक्टो.
लपवणं संपलं. दुपारी ताटं वाढताना आमटीची वाटी सुटली, ह्यांच्या मांडीवर. हे भाजल्याचं ओरडायचं सोडून माझ्या हाताकडेच बघत बसले.
संध्याकाळी हिंजवडीला डॉक्टरकडे. वैदेही सोबत आली. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? त्यांच्या टेबलाच्या कडेला धार काढून दाखवली. अंगठा मुडपून, सडावर दाबून. ते म्हणाले, हेच कारण. सहा आठवडे हे बंद. पट्टा, गोळ्या, बर्फाचा शेक.
"म्हशींना कुणी सांगायचं, डॉक्टर?"
ते हसले. मी नाही.

१४ ऑक्टो.
जेवताना नीलेश. "डॉक्टरच बोललं ना आता? का अजून माझंच तोंड वाईट?"
ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.
मी म्हटलं, सहा आठवड्यांचा प्रश्न आहे.
"आई, सा आठवड्यानं हात नवा येणार हाय का?"
मी डाव्या हातानं त्याला भाकरी वाढली.

१७ ऑक्टो.
बाकीच्या दोघी, काजळी आणि सोनी, ह्यांना धार देतात, कुरकुरत. मंगळी नाही. श्रावणात तिचं रेडकू गेलं, तेव्हापासून ती फक्त माझ्या हाताला पान्हा सोडते. हे बसले तर पाय झाडले. स्वाती बसली तर दूधच चोरलं, दोन घोट निघाले.
आज तिसरा दिवस. कास तटतटून दगड. हात लावला तर गरम. दगडी, कासेचा रोग, झाली तर एक सड तरी जाणार.
दुपारी हे झोपलेले बघून पट्टा काढला आणि बसले. डाव्या हातानं काढत होते, निघेना. मग उजवा लावलाच. ती लगेच सुटली. मी रडत होते आणि बादलीत धार वाजत होती. थांबावंसं वाटलं नाही.
नंतर खांद्यापर्यंत आग. पण कास मऊ झाली.

२४ ऑक्टो.
कोपरात इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, "सुनंदाताई, ह्यानं दुखणं झाकलं जाईल. झाकलं म्हणजे बरं झालं नव्हे. हात वापरू नका."
मान हलवली.

३० ऑक्टो.
दोन आणे! सकाळी उठून आधी मूठ वळली, दहादा. पिळलं, लाटलं, बादली उचलली. देवापुढे नारळ ठेवला.
वैदेही म्हणाली, काकू, घाई करून राहिल्या. तिचं वय काय, मला सांगते.

६ नोव्हेंबर
वसुबारस. तिघींना हळदकुंकू. गाईचा दिवस म्हणतात, पण आमच्या दावणीला गाय कुठली, म्हशींचंच खाल्लं आम्ही.
तिन्ही धारा मीच. नीलेशनं बघितलं. गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेला.

२ डिसेंबर
आलं परत. हळूहळू नाही, एकदम. पहाटे गोधडी ओढायला हात टाकला आणि कळ थेट मनगटापर्यंत. आधीपेक्षा वाईट. कंगवा धरवत नाही. मीठ चिमटीत धरवत नाही.
डॉक्टर रागावले. आता फिजिओथेरपी, आठवड्यातून दोनदा, आणि खरी विश्रांती. परत इंजेक्शन देणार नाही म्हणाले.
विचारलं, पूर्वीसारखा होईल का? म्हणाले, बहुतेकांचा होतो. बहुतेकांत मी आहे का ते विचारायचं धाडस झालं नाही.

११ डिसें.
लिहवत नाही. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर बघा.
फिजिओच्या मॅडमकडून बाराच्या सुमारास परत आले. गोठ्यात काजळीचा खुंटा मोकळा. सोनीचा मोकळा. टेम्पोच्या चाकांचे वळ ओल्या मातीत.
मंगळी एकटी. तिलाही न्यायची होती. स्वाती म्हणाली, व्यापारी धार बघायला बसला तर मंगळीनं त्याला उताणा पाडला. "म्हून ऱ्हायली, आत्या."
हे ओट्यावर होते. वर बघितलं नाही.

१२ डिसें.
नीलेशशी बोलणार नव्हते. तोच आला, मी भिंतीकडे तोंड करून पडलेली.
"तुला वाटतंय खोल्यांसाठी केलं."
डाव्या हातानं गोधडी वर ओढून घेतली.
"ऑगस्टपास्नं बघतोय. तू ताट डाव्या हातानं उचलतीस. केस स्वातीकडनं इंचरून घेतीस. बादली पडली त्या दिशी मी गोठ्याच्या दारातच हुतो. मंगळीनं लाथ मारलीच न्हाई."
मी उठून बसले.
"मग तेव्हा बोलला का नाहीस?"
"तू खोटं बोललीस म्हंजे किती दुखत असंल, ते बघत बसलो."
मग म्हणाला, खोल्या पायजेतच. त्ये बी खरंय. लपवत न्हाई.
दोन्ही खरं आहे हेच तर अवघड आहे. नुसतं लबाड असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.
तरी न विचारता नेल्या. हे विसरणार नाही, असं त्याला सांगितलं. हो म्हणाला.

२० डिसें.
व्यायाम: हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, पालथा. पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरायची. डाव्या हातानं पंजा वर उचलायचा, मग उजव्यानं एकट्यानं हळू... हळू खाली सोडायचा. पंधरा वेळा. मॅडम म्हणतात, थोडं दुखलं तर चालेल, पण ते लगेच थांबलं पाहिजे.
संध्याकाळी वैदेही आणि मी जिन्याच्या पायरीवर बसतो, दोघींच्या हातात बाटल्या. तिनं माऊस डाव्या हाताला घेतलाय. लोक जाता-येता बघतात. बघू देत.

२८ डिसें.
मंगळीचं काय करायचं हा रोजचा प्रश्न. मी डाव्या हातानं काढते, पाऊण तास लागतो, निम्मं राहतं. आता डावं कोपरही कुरकुरतंय की मलाच तसं वाटतंय? सारखी दाबून बघते. मॅडम म्हणाल्या, सारखं दाबू नका, दाबल्यानंही दुखतं.

३ जानेवारी २००८
स्वाती स्वतःच म्हणाली, "आत्या, मला शिकवा."
"तुला तिनं दोन घोटच दिले होते."
"तवा तुमी नव्हता संगं."
माझं जुनं लुगडं तिला नेसवलं, वासासाठी. मी मंगळीच्या मानेशी उभी राहिले, डावा हात तिच्या गळ्याखाली, नेहमीसारखी बडबड करत. स्वाती खाली बसली. तिला म्हटलं, अंगठा मुडपू नको. माझ्यासारखं नको. पूर्ण मुठीत सड धर, वरून खाली एकेक बोट मिट.
पहिली दहा मिनिटं काही नाही. मंगळी मान वळवून बघत होती, कोण आहे खाली.
मग दोन धारा. तीन.
स्वाती कुजबुजली, "आली, आत्या." हलायलाही घाबरत होती.

१२ जाने.
रोज येतंय. स्वातीचा हात मऊ आहे, आणि गाणं गुणगुणते, कसलं ते सिनेमाचं. मंगळीला आवडतं वाटतं. मी मानेशी उभी असते. माझं कोपर आठ आणे. पंधरा दिवस हाताला खरोखर विसावा मिळालाय म्हणून.

१९ जाने.
आज मी फिजिओला गेले होते, यायला उशीर झाला. धावत गोठ्यात आले तर बादली भरलेली, फेस वरपर्यंत.
"तुमी नव्हता तरी दिलं!" स्वातीचा चेहरा फुललेला.
मीही हसले. पाठ थोपटली तिची.
आणि मग गोठ्याच्या दारात नीलेश उभा दिसला. तोही भरलेल्या बादलीकडेच बघत होता.
मंगळी कुणाला धार देत नव्हती म्हणून राहिली होती. आता देते. माझा हात बरा व्हावा म्हणून मीच शिकवलं.

२० जाने.
झोप नाही. स्वातीला थांबवू? मग मला बसावं लागेल, हात जाईल. नाही थांबवलं तर म्हैस जाईल. ह्यांना विचारलं, तुमच्या मनात काय आहे, एकदा सांगा. त्यांनी तंबाखू मळायला घेतली.
"मला बी गोठ्याबिगर करमणार न्हाई," म्हणाले. "पर तुजा हात मी रोज बघतो. पोराला काय म्हनू?"
एवढं लग्नापासून कधी बोलले नव्हते.

४ फेब्रुवारी
चार आणे. आज उजव्या हातानं लुगडं पिळलं. पूर्ण नाही, पण पाणी निघालं. मॅडमनी बाटली एक लिटरची करायला सांगितली. मी विचारलं, म्हैस कधी? "एकच म्हैस, पूर्ण मुठीनं, आणि एकच वेळ. एप्रिलनंतर बघू. वचन देत नाही."
वैदेहीला सांगितलं तर तिनं जिन्यातच मिठी मारली. तिचं दुखणं जवळजवळ गेलंय.

१४ फेब्रु.
जेवताना नीलेश म्हणाला, रविवारी व्यापारी येतोय. दुसरा. धार बघून ठरवणार. आवाज बारीक होता त्याचा. "ह्या येळी सांगून करतोय, आई."
"मी नको म्हटलं तर?"
"तर बोल नको. पर मग धार कुनी काढायची, कवापत्तुर, त्ये बी सांग."
नको म्हटलं. ते जेवणात विरघळून गेलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला.

१६ फेब्रु.
उद्या रविवार.
संध्याकाळची धार स्वातीनंच काढली. मी मानेशी. मंगळी शांत. उद्या त्या माणसासमोरही अशीच शांत राहील, भरभरून देईल, आणि तिचा भाव ठरेल.
स्वाती खाली बघतच म्हणाली, "आत्या, उद्या माजं कोपर दुखलं तर?"
मला आधी खरंच वाटलं. घाबरून तिचा हात धरला, कुठं, कुठल्या बाजूला?
ती हसली. मग हसायची थांबली. "तुमी म्हनाला तर दुखंल. मग त्याला धार कोन काढून दावनार?"
माझ्या हातात तिचं कोपर तसंच. छान, गुबगुबीत, काही नाही त्याला. चोवीस वर्षांची आहे. नवऱ्याशी खोटं बोलायला माझ्यासाठी तयार झाली. खोटं बोलून मी चार महिने काय भोगलं ते तिला माहीत आहे, तरी.
हो म्हणावं असं वाटलं. तोंडाशी आलं होतं.
तेवढ्यात नीलेशच्या गाडीचा आवाज आला. तिनं बादली उचलली आणि आत गेली. अजून तिला काहीच सांगितलेलं नाही. सकाळची धार पाचला असते.