मागच्या फाटकातली तार

४ मार्च
झाला! हॉस्पिटलच्या नेटवर्कचा आराखडा आज हातावेगळा केला. पाच महिने लागले. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे एसीत बसून रेघा ओढणं. मी सातही मजले पालथे घातले. प्लंबरशी भांडले — त्याचा पाइप नेमका माझ्या यंत्रांच्या कपाटावरून! थोरल्या नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या तारांचं मला कळत नाही. पेशंटचं मशीन ओरडलं की माझ्या टेबलावर कळलं पाहिजे. कधीही." त्या 'कधीही'साठी बाहेरून दोन तारा घेतल्या. एक पुढच्या फाटकातून, एक मागच्या. एक तुटली तरी दुसरी चालू.

भाऊजींना दाखवला. ताईचा नवरा, आणि ऑफिसात माझे वरिष्ठ. या धंद्यात मला त्यांनीच आणलं. "शाब्बास!" म्हणाले. दिवसभर हवेत होते मी.

९ मार्च
हॉस्पिटलवाल्यांसमोर सादरीकरण. पहिल्याच पानावर भाऊजींचं नाव. फक्त त्यांचं.

नंतर भाऊजींना जिन्यात गाठलं. "अगं, समोरच्याला वजनदार नाव लागतं. आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं?"

१० मार्च
ताईला फोन केला. "घरातली गोष्ट आहे, सोड ना," म्हणाली. आणि फोन ठेवला — तिने!

२६ मार्च
साइटवर गेले. मागच्या फाटकाशी जमीन जशीच्या तशी. मुकादम म्हणाला, "मॅडम, चर एकच सांगितलाय. दोन्ही तारा पुढूनच."

म्हणजे एक कुदळ पडली की दोन्ही गेल्या! सातही मजले मुके.

भाऊजींना विचारलं. "उद्घाटनाची तारीख गाठायचीय. तारा दोन आहेत ना? झालं तर मग!"

माझं नाव पुसलं, ते गिळलं. हे गिळवत नाही.

२७ मार्च
आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांना सगळं लिहून पाठवलं.

३० मार्च
साहेबांनी बोलावलं. टेबलावर आराखडा — चर एकच, आणि खाली नाव माझं. फक्त माझं!

"चूक कबूल करा, सांभाळून घेऊ," साहेब म्हणाले. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. तार सोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच केसाने गळा कापला. मी कबूल केलं नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं.

ताईचा फोन नाही. मीही केला नाही. ती त्यांचीच.

२ एप्रिल
दुपारी साहेबांचा फोन. ताई ऑफिसात येऊन गेली म्हणे. भाऊजींनी घरी बसून आराखडा बदलला, माझं नाव घातलं, तेव्हा ती शेजारी होती. तसं लिहून दिलंय, सहीनिशी. मागचा चर उद्यापासून खोदणार.

संध्याकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात बॅग. "चार दिवस राहू दे," म्हणाली. "नंतरचं नंतर बघू."