उभी चीर, आडवी चीर

मुंबई, इस्पितळातून
१४ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. जमनाला कमलाकांतचे खाटेवरूनच पुष्कळ आशीर्वाद.

मी बरा हाय. पेज पचते. उद्या आतड्यातली गाठ काढणार. डॉक्टर तिला कॅन्सर म्हणतात. आईपुढे तो शब्द काढू नको. आपली नलू शाळेत जाते ना?

सकाळी दोन डॉक्टर खाटेपाशी बोलत होते. धाकटा म्हणाला, पोट उभं चिरू, आतलं सगळं दिसेल. मोठा म्हणाला, आडवं चिरू, खोकताना कमी दुखेल. औषधाने माझे डोळे मिटत होते. खाट नांगरलेल्या होडीसारखी हलायला लागली, नि सातपाटीच्या किनाऱ्यावर तू कोयता घेऊन बसलेली दिसलीस. कालवणाची घोळ मासळी तू आडवी कापतेस. खारवून वर्षभर ठेवायची, ती उभी चिरतेस.

मी झोपेतच बोललो, "डॉक्टर, मला घोळीसारखा उभा चिरा. मला टिकायचं हाय."

दोघं हसले. धाकटा म्हणाला, "अरे, तू काय मासा आहेस?"

शेवटी आडवंच ठरलं. मोठ्याचा हात चांगला हाय म्हणतात.

तू एवढं कर. पत्र पोचल्यावर पहिली घोळ येईल तिचं कालवण नको करू. उभी चिर, पोटात मीठ भर, नि माझ्यासाठी ठेव.

तुझा,
कमलाकांत