दहापैकी दोन
शनिवार, संध्याकाळ, पावणेसात

हर्नियाच्या ऑपरेशनला आज तिसरा दिवस. टाक्यांपाशी असं दुखतंय की खोकायचीही भीती वाटते. आणि काल दवाखान्यातून सिस्टरचा रोजचा सातचा फोन आला, तिने विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" तर मी म्हणालो, दोन.

का म्हणालो? कोल्हारहून सासरे भेटायला आलेत, ते पलंगाशेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर कण्हायचं कसं?

ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर नवं औषध आलंय, त्याच्या चाचणीत मी सही करून भाग घेतलाय. माझी गोळी नवी की जुनी, हे सिस्टरलाही ठाऊक नाही. नवं औषध किती गुणकारी, ते आमच्यासारख्यांच्या आकड्यांवरूनच कळणार. नागापूरच्या कंपनीत मी माल तपासतो, केसाएवढा फरक असला तरी परत पाठवतो. आणि इथे आठच्या जागी दोन!

उद्या कुणा बाईचं पोट कापतील आणि माझ्या दोनच्या भरवशावर तिला हीच गोळी देतील. मग ती... नको, पुढचं लिहवत नाही. आणि आत टाक्यांत काही बिघडत असलं तर? डॉक्टरांना कळणार कसं? त्यांच्या कागदावर मी मजेत आहे.

आज खरं सांगायचं. आठ. आत्ताच हळू आवाजात म्हणून बघितलं, आठ.

सव्वासात. फोन येऊन गेला. मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "सांगा की पाव्हनं, काय बी दुखत न्हाई म्हनावं. लई काटक हाय आमचं पाव्हनं!"

तीन म्हणालो.